रेडिओ दणकून वाजतो, प्लेयर कुजबुजतो: अ‍ॅम्प घेण्याआधी वायर बघा

विट्याच्या एका निवृत्त सरांनी विचारलंय, ते थोडक्यात असं:

‘माझी बारा वर्षांची छोटी गाडी आहे, स्टिरिओ नंतर बाहेरून बसवलेला. रेडिओ छान मोठा वाजतो. पण माझा जुना एमपी३ प्लेयर ऑक्सला (बाहेरचा प्लेयर वायरीने जोडायची खाच) लावला की आवाज अगदी बारीक. नॉब ३५ पर्यंत नेला तरी मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही. त्यातही जुनी नाट्यगीतं जवळजवळ ऐकूच येत नाहीत, नवीन सिनेमाची गाणी त्यातल्या त्यात बरी. कधीकधी प्लेयर चार्जिंगला लावला की आवाज एकदम उघडतो, पण मग मागे कुईंऽ असा सूर लागतो. कार डेकोरवाला म्हणतो अ‍ॅम्प बसवा, आठ हजार. बसवू का?’

सर, बसवू नका. निदान आत्ता तरी नको.

रेडिओ छान मोठा वाजतो, हे तुम्हीच लिहिलंय. रेडिओचा आवाज ज्या अ‍ॅम्पमधून आणि ज्या स्पीकरमधून येतो, त्यातूनच प्लेयरचाही येतो. स्टिरिओच्या पोटातला, आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प दोघांना एकच. म्हणजे आवाज जिथे हरवतोय ती जागा अ‍ॅम्पच्या अलीकडे आहे: गाणं, प्लेयर, पिन, वायर, ऑक्सची खाच, नाहीतर स्टिरिओतली सेटिंग. पुढे आठ हजारांचा डबा जोडला तर तो त्या बारीक आवाजालाच फुगवणार, आणि सोबत खरखरही फुगवणार. माझं सांगलीत शंभर फुटी रोडला दुकान आहे, गाड्यांचं वायरिंग आणि साउंड करून तेवीस वर्षं झाली. अ‍ॅम्प विकून मलाही चार पैसे सुटतात, तरी हे सांगतोय.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. चार्जिंगला लावल्यावर आवाज उघडतो, आणि जुनी गाणी नव्यांपेक्षा जास्त गायब होतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझा संशय आधी ऑक्सच्या वायरीच्या अर्थिंगवर, म्हणजे सिग्नल परत नेणाऱ्या तारेवर जातो.

ऑक्सची पिन हातात घेऊन बघा. साडेतीन मिलिमीटरची, तिच्यावर दोन काळे पट्टे. त्या पट्ट्यांनी पिनचे तीन तुकडे पडतात. टोकाला डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा, आणि बुडाशी, म्हणजे प्लॅस्टिकच्या मुठीजवळ, दोघांची सामायिक अर्थ. वायर सारखी दुमडून, गिअरमध्ये अडकून, बहुतेक वेळा मुठीपाशीच आतून तुटते. डावी तार तुटली तर एक बाजू बंद होते आणि ते कुणालाही कळतं. अर्थ तुटली तर गंमत होते. दोन्ही स्पीकर चालू राहतात, म्हणून वायरीवर कुणी संशय घेत नाही. पण परतीची वाट नसल्यामुळे डावा आणि उजवा सिग्नल एकमेकांतूनच वाट काढतात, आणि स्पीकरला पोचतो तो दोघांतला फक्त फरक.

स्टिरिओ गाण्यात, म्हणजे डावं-उजवं वेगळं भरलेल्या गाण्यात, गायकाचा आवाज सहसा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे. फरक काढला की गायक शून्य. राहतं काय, तर बाजूबाजूला ठेवलेली व्हायोलिनं, घुमारा, थोडा कोरस. विहिरीतून आल्यासारखं पोकळ गाणं ऐकू येतं. आणि तुमची जुनी नाट्यगीतं? ती मोनो. दोन्ही बाजूंना हुबेहूब तेच. तिथे फरक काढला की सगळंच शून्य. नाट्यपंढरीच्या जिल्ह्यात नाट्यगीतच तेवढं वाजू नये, असा हा दोष.

मग चार्जर लावल्यावर का उघडतं? चार्जरची निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला, आणि स्टिरिओची निगेटिव्हही बॉडीलाच. तुटलेल्या अर्थिंगचं काम चार्जरची वायर करायला लागते आणि गायक परत येतो. पण ती वाट अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राच्या, आवाजाने घाण झालेली असते, म्हणून मागे कुईं लागतं. रेस दिल्यावर तो सूर चढतो का, एवढं बघा. चढत असेल तर तो अल्टरनेटरच.

परीक्षा घरबसल्या होते. नवीन स्टिरिओ गाणं लावा, ज्यात एकच गायक समोर आहे. चार्जर काढून ठेवा. गायक दूर गेलाय आणि वाद्यं पुढे आलीत असं वाटतंय का? मग वाजत असतानाच पिन दोन बोटांत धरून हळूच फिरवा, नंतर केसभर बाहेर ओढा, आणि मुठीजवळ वायर इकडेतिकडे वाकवा. एखाद्या जागी गायक एकदम समोर येऊन उभा राहिला, तर दोष सापडला. शेजाऱ्याची ऑक्स वायर मागून आणा आणि लावून बघा. दुसऱ्या वायरीवर ठीक झालं तर पहिली फेकून द्या, जोडत बसू नका. मुठीत ओतलेली पिन कापून नवी लावता येते, पण चांगली वायर त्यापेक्षा स्वस्त पडते. घेताना सरळ मुठीपेक्षा काटकोनातली घ्या, गिअरच्या हाताला लागत नाही. आणि प्लेयरला रबरी कव्हर असेल तर ते काढून बघा. जाड कव्हरामुळे पिन शेवटपर्यंत बसत नाही आणि अगदी असलाच पोकळ आवाज येतो. यात मी स्वतः एकदा फसलोय. सगळा डॅशबोर्ड उघडून बसलो होतो, गिऱ्हाइकाच्या मुलीने कव्हर काढलं आणि गाणं लागलं.

वायर बदलूनही तसंच असेल तर खाच बघायची. प्लेयरच्या खाचेत खिशातला धागा आणि धूळ दाबून दाबून बसते, पिन आत जाते पण टेकत नाही. प्लेयर बंद करून उदबत्तीच्या कोऱ्या काडीने हळू उकरा. सुई, टाचणी घालू नका, आतल्या पात्या वाकतात. स्टिरिओच्या खाचेत धूळ कमी, गंज जास्त. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, त्यानंतर वर्षभर माझ्याकडे अशाच गाड्या येत होत्या. इंजिन, सीट, कार्पेट सगळं करून घेतलेलं, टेप वाजतोय म्हणून टेपला कुणी हात लावलेला नाही. ऑक्सच्या खाचेत टॉर्च मारला की आत हिरवट साय. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा, पिन वीसेक वेळा आतबाहेर, दहा मिनिटं सुकू देणं, एवढ्यावर बरेच सुधारले. काहींची खाच बदलावी लागली. गाडी जुनी घेतलेली असेल तर ती पुरात होती का, हे सीटखालच्या पट्टीवरचा गाळ सांगतो.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, म्हणजे आवाज पोकळ नाही, गायक जागेवर आहे, पण एकूणच बारीक आहे, तर मामला लेव्हलचा.

हेडफोनची खाच ही कानातल्या बारक्या स्पीकरसाठी असते. त्यांना थोडक्या व्होल्टेजवर कान भरून आवाज होतो. स्टिरिओला मात्र सीडी प्लेयरसारखी वस्तू जोडली जाईल अशी अपेक्षा असते, आणि सीडी प्लेयर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट देतो. तुमचा प्लेयर अर्धाच व्होल्ट देत असेल, तर चौथा हिस्सा झाला, म्हणजे १२ डेसिबल कमी. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, त्या हिशेबाने हा निम्म्याहून खालीच गेला. यात कुणाचीच चूक नाही, दोन वस्तूंची मापं वेगळी.

पहिलं काम: प्लेयरचा स्वतःचा आवाज वाढवा. हसू नका. निम्मी गिऱ्हाइकं प्लेयर अर्ध्यावर ठेवून स्टिरिओचा नॉब पिळत असतात. प्लेयर साधारण ८५-९० टक्क्यांवर ठेवायचा आणि रोजचा कमीजास्त आवाज स्टिरिओच्या नॉबने करायचा. पूर्ण शंभरवर नको, बऱ्याच प्लेयरांचा आवाज शेवटच्या दोन-तीन घरांत फाटतो. प्लेयरमधला इक्वलायझर बंद करा. बास वाढवला की फाटू नये म्हणून काही प्लेयर एकूण आवाज गुपचूप खाली घेतात. बास हवाच असेल तर स्टिरिओत वाढवा.

मग सेटिंगमध्ये ‘व्हॉल्यूम लिमिट’ शोधा. कानाच्या काळजीपोटी बऱ्याच प्लेयरांत ती असते आणि कधीतरी नातवंडांसाठी लावून विसरलेली असते. प्लेयर मुलाने युरोपातून आणलेला असेल तर आणखी एक गोष्ट: तिथल्या नियमात सोबतच्या हेडफोनवर १०० डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळे त्या बाजारासाठी केलेले प्लेयर मुळातच बांधलेले येतात. कानाला ते चांगलंच, पण गाडीला अपुरं.

दुसरं काम स्टिरिओत, आणि हे ९० टक्के लोकांना माहीत नसतं. प्रत्येक स्रोताची लेव्हल वेगवेगळी लावायची सोय बऱ्याच स्टिरिओंत असते. पायोनियरमध्ये तिला ‘एसएलए’ म्हणतात, एफएमला शून्य धरून बाकीचे त्याच्या वर-खाली करता येतात. दुसऱ्या कंपन्यांत ‘ऑक्स लेव्हल’, ‘ऑक्स गेन’ अशा नावाने सापडेल, कुठे आकडे तर कुठे नुसतं लो-मिड-हाय. ऑक्स चालू ठेवूनच मेन्यूत जा, रेडिओवर असताना तो पर्याय बहुतेकदा दिसत नाही. सगळ्यात वर न्या, ऐका, फाटलं तर एक पायरी खाली. गेल्या काही महिन्यांत बॅटरी बदलली असेल तर हा संशय आणखी पक्का. बॅटरी काढली की बऱ्याच स्टिरिओंची सेटिंग मूळ पदावर येतात, फेडर-बॅलन्ससकट, म्हणजे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे आवाजाची वाटणीसुद्धा. ‘बॅटरी टाकल्यापासून टेप बसला’ म्हणून आलेल्या गाडीचं काम मी उभ्याउभ्या दोन मिनिटांत करतो आणि पैसे मागायला लाज वाटते, म्हणून चहा मागतो.

प्लेयर आयपॉड असेल तर जरा वेगळी वाट आहे. ॲपलने आयपॉड मे २०२२ मध्ये बंद केला, पण आपल्याकडे लोकांनी अजून जपून ठेवलेत. त्यातल्या बहुतेक जुन्यांना खाली ३० पिनांची रुंद खाच असते. त्या खाचेतून लाइन आउट मिळतं, म्हणजे हेडफोनचा अ‍ॅम्प वगळून थेट, ठरावीक लेव्हलचा सिग्नल. व्हॉल्यूमच्या चाकाचा त्यावर परिणाम होत नाही, ईअरफोनच्या खाचेपेक्षा आवाज स्वच्छ येतो. त्यासाठी डॉक ते ऑक्स अशी वायर मिळते. नंतरच्या बारक्या लायटनिंग खाचेला असली साधी वायर चालत नाही, तिथून डिजिटल निघतं.

आता गाण्यांकडे, कारण तुमच्याकडे जुनी गाणी आहेत. मिरजेत तंबोरे करणारे एक काका माझे जुने गिऱ्हाईक. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे घेऊन आले होते. त्यांची तक्रार अशी की पेनड्राइव्हवरची सिनेमाची गाणी मोठी आणि मैफिलीचं रेकॉर्डिंग ऐकूच येत नाही. गाडी उभी करून आम्ही दोघं आत बसलो, काचा वर, इंजिन बंद. आलाप स्पष्ट ऐकू येत होता, तंबोऱ्याची तार न तार. मग मी इंजिन सुरू केलं, पंखा दोनवर घेतला, आणि आलाप पुसला गेला. काका म्हणाले, ‘अरे, षड्ज गेला की रे.’ आवाज तेवढाच होता, गाडीच्या घरघरीने त्याला झाकलं. हायवेला टायरची, वाऱ्याची घरघर पंख्याच्या कितीतरी पट. मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये आलाप आणि द्रुत यांच्यात मोठी उंच-सखल असते. हल्लीची गाणी दाबून सपाट केलेली असतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत भिंतीसारखी उंच, म्हणून ती घरघरीच्या वर राहतात.

अशा वेळी फाइलचीच लेव्हल वाढवायची. एमपी३गेन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ते गाणं नव्याने एमपी३ करत नाही, फाइलमधला लेव्हलचा आकडा तेवढा बदलतं, दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी, त्यामुळे दर्जा बिघडत नाही. त्याचं ठरलेलं लक्ष्य ८९ डेसिबल असतं. गाडीसाठी ते थोडं वर घ्यायला हरकत नाही, गाणं कुठे फाटेल ते सॉफ्टवेअर लाल अक्षरात दाखवतं. मूळ फाइलींची एक प्रत बाजूला ठेवूनच हे करा. सुटी गाणी असतील तर ‘ट्रॅक’, एकाच मैफिलीचे तुकडे असतील तर ‘अल्बम’ निवडा, नाहीतर आलाप आणि द्रुत एकाच उंचीचे होऊन बसतात. काकांची मैफल आम्ही साडेसात डेसिबल वर नेली. त्याहून वर नेली की द्रुतातली टाळी फाटायची. उरलेल्यासाठी त्यांना सांगितलं, आलाप चालू असेपर्यंत साठच्या पुढे जाऊ नका. ते खरंच जात नाहीत.

ऑक्सच नसलेल्या गाडीतल्यांसाठी दोन शब्द. सिगरेट लायटरमध्ये खोचायच्या एफएम ट्रान्समीटरचा आवाज बारीक येतो तो मुख्यतः आत जाणारा सिग्नल बारीक असल्यामुळे. एफएममध्ये आवाज किती मोठा हे फ्रिक्वेन्सी किती हलते त्यावर ठरतं, सिग्नल कमी तर ती कमी हलते. म्हणून तिथेही प्लेयर ८५ टक्क्यांवर. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्टीत अशी जागा धरा जिथे दोन्ही बाजूंनी शेजार रिकामा आहे. आपल्याकडे ९४.३ ला कोल्हापूरचं टोमॅटो एफएम येतं, त्याच्या आसपास बसलात तर प्लेयर त्याच्याखाली दबणार. पुण्याला निघालात की साताऱ्यापुढे हीच जागा कदाचित बदलावी लागेल. कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर वापरत असाल तर टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करायचं, बटण बंद ठेवा. ब्लूटूथवर फोन लावणाऱ्यांचे दोन व्हॉल्यूम असतात, फोनचा वेगळा, गाडीचा वेगळा. फोनचा वर आहे का तेवढं बघा. आयफोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत त्या स्टिरिओचा प्रकार ‘कार स्टिरिओ’ निवडा, हेडफोन समजून तो आवाज रोखतो.

आणि स्टिरिओला यूएसबी खाच असेल तर खरं म्हणजे वायरीची कटकटच नको. गाणी पेनड्राइव्हमध्ये भरा, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून. मग हेडफोनची खाच, पिन, अर्थ हे सगळं वाटेतून जातं. तुमचा जीव त्या प्लेयरवर आहे हे कळतं मला, तरी सांगून ठेवलं.

कुईं घालवायला बाजारात ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मिळते. आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर. कुईं जाते, पण स्वस्त डबीत बास जातो आणि आवाजही थोडा उतरतो. म्हणून तुमचा आधीचा दोष निघेपर्यंत ती लावू नका, नाहीतर एकात दोन दोष मिसळतील. नवी वायर लावूनही चार्जर जोडल्यावर कुईं राहिली, तर मग ती डबी. सगळं करूनही प्लेयर थोडा कमीच पडत असेल, तर वायरीच्या मध्ये लावायचा, सिग्नल आधीच मोठा करणारा छोटा प्री-अ‍ॅम्प मिळतो, मोठ्या अ‍ॅम्पच्या मानाने किरकोळ खर्चात. एवढ्यावर भागतं.

मोठा अ‍ॅम्प कधी घ्यायचा ते सांगतो, म्हणजे डेकोरवाल्याशी बोलायला बरं. स्टिरिओच्या खोक्यावर ४×५० वॉट लिहिलेलं असतं. गाडीची वीज १४.४ व्होल्ट धरली आणि स्पीकर ४ ओमचा, तर आतल्या अ‍ॅम्पमधून न फाटता निघू शकतात ते गणिताने २६ वॉट, प्रत्यक्षात त्याहून कमी. रेडिओ, पेनड्राइव्ह, सगळंच मोठ्या आवाजाला फाटत असेल, किंवा मागे वूफर बसवायचा असेल, तर अ‍ॅम्पला अर्थ आहे. पण २० चे ४० वॉट केले की मिळतात ३ डेसिबल, कानाला जेमतेम कळण्याइतके. तुमचा आवाज हरवलाय त्याच्या कितीतरी पट.

एक सावधगिरी. प्लेयर बारीक म्हणून नॉब ३५ वर ठेवलाय, आणि प्लेयर वाजता वाजता बंद पडला म्हणून बटण दाबलं, की रेडिओ लागतो ३५ वर. दचकून स्टिअरिंग हलतं आणि ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जातो तो वेगळाच. स्रोत बदलण्याआधी नॉब दहावर आणायची सवय लावा. वायर तपासतानाही तसंच: नॉब खाली, मग पिन काढा-घाला. गायक परत आला की तो एकदम येतो.

माझा अंदाज, नवी वायर लावली की काम होईल, फारतर ऑक्सची लेव्हल वाढवावी लागेल. नाहीच झालं तर सांगलीला याल तेव्हा गाडी घेऊन या. प्लेयर, आत्ताची वायर फेकून न देता, आणि मोनो नाट्यगीत एक, नवं स्टिरिओ गाणं एक. दुपारी तीननंतर या. सकाळी शंभर फुटीवर ट्रकांचे हॉर्न चालू असतात, बारीक आवाजाची तक्रार मला तपासताच येत नाही.